गाडीच्या तोंडाशी काय बांधावं

गाडीच्या तोंडाशी काय बांधावं, हा प्रश्न आमच्या लालबाग-परळला मोटारी येण्याच्या आधीपासून माहीत आहे. पहिलं उत्तर रेल्वेने दिलं, दुसरं ट्रामने, तिसरं जीपने. आजोबा जीआयपी रेल्वेच्या परळ वर्कशॉपात फिटर होते. वडील गिरणीच्या मेकॅनिक खात्यात लागले आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर त्यांनी लोखंडी कामाचा गाळा टाकला. त्याच गाळ्यात मी हातात ग्राइंडर धरायला शिकलो. त्यामुळे फोर बाय फोर गाडी घेतलेला कुणी पोरगा येऊन विचारतो, "काका, बुलगार्ड कुठला लावू?", तेव्हा मी त्याला पाइपाचा भाव सांगत नाही. आधी बसवतो, चहा मागवतो आणि ही सगळी हकिकत सांगतो. ती ऐकल्यावर बहुतेकांचा प्रश्नच बदलतो.

१८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, तेव्हा ती भायखळा, परळ, दादर या तेव्हाच्या वाड्या-आमरायांतून गेली. रुळांच्या दोन्ही बाजूंना माणसं जमली होती, तशी गुरंही चरत होतीच. इंजिनापुढे जनावर आलं तर जनावर मरतं हे एक झालं. पण ते चाकाखाली गेलं तर इंजिन रुळावरून उतरतं आणि मागचे डबे त्यावर चढतात, ही खरी भीती. म्हणून इंजिनाच्या पुढे तिरकी, नांगराच्या फाळासारखी लोखंडी जाळी आली. इंग्लंडात ही कल्पना १८३८ च्या सुमारास चार्ल्स बॅबेजने मांडली होती, ज्याला आज आपण संगणकाचा पूर्वज आखणारा म्हणून ओळखतो. आपल्याकडे रेल्वेवाले तिला कॅटल गार्ड म्हणतात आणि आजच्या विजेच्या इंजिनालाही ती असते.

जीआयपीचं पहिलं वर्कशॉप भायखळ्याला होतं, ते १८७९ मध्ये परळला आलं. आजोबांच्या काळात इंजिन दुरुस्तीला आलं की कॅटल गार्ड वाकलाय का, त्याची खालची कड रुळापासून किती वर आहे, हे मोजलं जाई. फार खाली असेल तर रुळाच्या सांध्यावर घासणार, फार वर असेल तर जनावर खालून आत जाणार. आजोबा सांगत की ज्या इंजिनाचा गार्ड वाकून येई त्यावर कधी केस चिकटलेले असत, कधी वाळलेलं शेण. ते खरवडून मगच हातोडा लावायचा. त्या गार्डचा हेतू स्वच्छ होता. आत शेकडो माणसं बसली आहेत, त्यांच्यासाठी पुढचं जनावर बाजूला फेकायचं. रेल्वेचा मार्ग राखीव आणि गाडी चटकन थांबणारी नव्हे, म्हणून तिथे तो हेतू रास्तही आहे.

ट्रामचा रस्ता मात्र राखीव नव्हता. १८७४ च्या ९ मे रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी. तिकीट तीन आणे होतं. घोडा स्वतःच समोरचं बघून थबकायचा. १९०७ च्या ७ मे रोजी विजेची ट्राम आली आणि पुढचं बघणारं जनावर गेलं. आता समोर होता ट्रामवाला, त्याच्या हाती ब्रेकचा दांडा आणि पायाशी घंटा. रस्ता गिरगावचा, काळबादेवीचा, लालबागचा. पोरं ट्रामच्या पुढून पळत, हातगाडीवाला आडवा येई, गिरणी सुटली की रुळांवर माणसांचा लोंढा उतरे.

विलायती धाटणीच्या विजेच्या ट्रामला पोटाखाली एक यंत्रणा असे, तिला लाइफगार्ड म्हणत. ती मला अजून सुंदर वाटते, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. पुढच्या टोकाखाली लाकडी पट्ट्यांचं एक फाटक लोंबतं ठेवलेलं. ते बिजागरीवर सैल झुलतं, त्यात जोर काही नाही. त्याच्या मागे, चाकांच्या अलीकडे, पट्ट्यांचीच एक सुपासारखी चौकट उचलून आकड्यात अडकवलेली. कुणी खाली पडला आणि त्याचं अंग फाटकाला लागलं की फाटक मागे ढकललं जायचं, आकडा सुटायचा आणि मागची चौकट धप्पकन रुळांवर पडायची. पडलेला माणूस चाकाखाली जाण्याऐवजी तिच्यात उचलला जायचा. खरचटायचा, मार लागायचा, क्वचित हाडही मोडायचं, पण जीव वाचायची आशा असायची. ट्राममध्ये बसलेल्यांना तिचा काडीचा उपयोग नव्हता. ती सगळी करामत रस्त्यावरच्या माणसासाठी होती.

वडील लहानपणी लालबागच्या नाक्यावर तासन् तास ट्राम बघत उभे राहत. ते म्हणायचे, "रेल्वेचा गार्ड फेकून देतो, ट्रामचा उचलून घेतो." १९६४ च्या ३१ मार्चला रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. तेव्हा मी चार वर्षांचा होतो. वडिलांच्या खांद्यावरून मी ती पाहिली असं आई सांगायची. मला आठवत नाही. दादर टी. टी. हे नाव मात्र आजही बसच्या कंडक्टरच्या तोंडी आहे, ट्रामच्या टर्मिनसचं.

मोटारींचा इतिहासही आमच्या पायाखालचाच आहे. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला कारखाना काढला आणि सुट्या भागांतून शेवरलेट जोडायला सुरुवात केली. लालबागहून शिवडी चालत जाण्याइतकी जवळ, त्यामुळे इथल्या कित्येक घरांतले हात त्या खोक्यांतल्या भागांना लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप आली. १९४९ मध्ये महिंद्राने माझगावला विलिस जीपची जुळणी सुरू केली. या बेटावर जीप जुळत असे हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही, इतकं ते सगळं कांदिवलीकडे आणि पुढे नाशिक-चाकणकडे सरकलं.

या जीपच्या तोंडाशी आधी काय होतं? पुढचा बंपर म्हणजे चासीच्या दोन टोकांना बोल्टांनी कसलेलं सरळ लोखंडी चॅनेल. बास. युद्धात युरोपात गेलेल्या जीपना मात्र त्या बंपरच्या मधोमध एक उभा अँगल वेल्ड केलेला असे, वरचं टोक पुढे वाकवलेला. शत्रू रस्त्यावर गळ्याच्या उंचीवर तार ताणून ठेवायचा, आणि जीप उघडी, काच खाली पाडलेली. तो अँगल तार अडवून तोडायचा. तोही गार्डच होता, आतल्या माणसाचा गळा वाचवणारा, आणि ज्या दिवसात बनला त्या दिवसात शंभर टक्के बरोबर होता.

ज्याला आपण बुलगार्ड म्हणतो ती नळ्यांची कमान खरी रुजली ऑस्ट्रेलियात. तिथे शेकडो मैल वस्ती नाही, संध्याकाळनंतर कांगारू रस्त्यावर येतात. रेडिएटर फुटला तर माणूस त्या रखरखाटात अडकून मरू शकतो. १९७५ मध्ये मेलबर्नच्या टोनी ब्राउन यांनी एआरबी ही कंपनी काढली, ती अशाच प्रवासातल्या मोडतोडीच्या अनुभवातून. पुढे तिथे या वस्तूचं सरकारमान्य मानकही आलं, कुठल्या मॉडेलला कुठला गार्ड आणि तो एअरबॅगशी कसा जुळतो हे तपासून. गार्ड निवडण्याचा खरा अर्थ तिथे आहे. वस्ती नाही, जनावर मोठं, मदत लांब.

आपल्याकडे त्या अर्थाच्या जवळ जाणारी एकच जागा मला माहीत आहे, ती म्हणजे कोकणात जाणारा रस्ता. लालबागचा माणूस गणपतीला गावी जातो म्हणजे जातोच. ऐंशी-नव्वदच्या दशकात ट्रॅक्स, जीप, पुढे १९९४ नंतर टाटा सुमो भरून मंडळी रात्री निघायची. वडखळ, माणगाव, महाड, मग कशेडीचा घाट. भाद्रपदात गुरं रात्री डांबरावर येऊन बसतात, कारण शेतात चिखल आणि रस्ता त्यातल्या त्यात कोरडा. वळण घेतलं की समोर म्हैस, काळ्या रस्त्यावर काळी. रेडिएटर फुटला की पहाटेपर्यंत पावसात उभं राहायचं, पोरंबाळं आणि मखराच्या सामानासकट. आमच्या गाळ्यात गार्डची पहिली मागणी या लोकांनी आणली.

गाळा सुरू झाला तो संपामुळे. १९८२ च्या १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले असंख्य पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. गिरणीच्या मेकॅनिक खात्यात लेथ होती, लोहारखाना होता, तिथले फिटर-वेल्डर कुठलंही लोखंड वाकवू शकत. त्यांच्या हातातली ही विद्या रस्त्यावर आली. कुणी खिडक्यांच्या ग्रिल केल्या, कुणी गणपती मंडळांच्या मंडपांचे सांगाडे, कुणी हातगाड्यांचे आस. वडिलांनी या सगळ्यांबरोबर गार्ड केले. लालबागच्या कारागिरीचं कौतुक मूर्तींपुरतं होतं. मूर्तीच्या पाठीमागचा लोखंडी सांगाडा ज्यांनी उभा केला त्या गिरणी-फिटरांबद्दल कुणी चार ओळी लिहिलेल्या मी पाहिल्या नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

गार्ड बनायचा कसा ते सांगतो. आधी गाडी गाळ्यासमोर उभी करायची आणि फरशीवर खडूने तिच्या तोंडाचा पूर्ण मापाचा आराखडा काढायचा. पाइप निळ्या पट्ट्याचा, म्हणजे मध्यम जाडीचा. पिवळ्या पट्ट्याचा हलका पाइप बाकावर चपटतो, लाल पट्ट्याचा फार जड. पाइप बेंडिंगचं मशीन येण्याआधी पाइपात वाळू भरत. वाळू चाळायची आणि तव्यावर भाजून कोरडी करायची. ओलसर राहिली तर भट्टीत वाफ धरते आणि टोकाचा लाकडी खुंट गोळीसारखा सुटतो. भरताना पाइपावर हातोडीने ठोकत जायचं, आवाज भरीव येईपर्यंत. मग दोन्ही टोकांना खुंट मारून भट्टीत लाल करायचा आणि फरम्याभोवती दोघांनी मिळून एका दमात वाकवायचा. पाइपाला लांबीभर एक शिवण असते, जिथे पत्रा गोल करून जोडलेला असतो. ती शिवण बाकाच्या बाहेर ठेवली तर ताणून फाटते, आत ठेवली तर चुरगळते. ती बाजूला यायला हवी. वडील पाइप फिरवून, डोळा बारीक करून शिवण बघत, तिच्यावर खडूची रेघ मारत आणि मगच भाता मारायला सांगत.

मग टॅक मारून गाडीवर धरून बघायचं, दिवे झाकत नाहीत ना, बॉनेट उघडतं ना, रेडिएटरला वारा मिळतो ना. चासीच्या टोकांना ब्रॅकेट, चार बोल्ट, स्प्रिंग वॉशर. शेवटी रेड ऑक्साइड आणि काळा रंग. पुढे स्टेनलेस स्टीलची हौस आली. गिऱ्हाईक खिशातून लोहचुंबक काढून माल तपासायचं. चुंबक न चिकटला की अस्सल, अशी समजूत. खरं तर २०२ आणि ३०४ या दोन्ही जाती चुंबकाला जवळजवळ सारख्याच. बाकावर दोन्ही किंचित ओढतात. फरक दिसतो दोन पावसाळ्यांनी, समुद्राच्या खाऱ्या हवेत. २०२ ला वेल्डिंगपाशी तांबूस ठिपके पडतात.

वडिलांचे काही हट्ट होते. पाइपाचं उघडं टोक ठेवायचं नाही, ते आत वळवून झाकायचंच. बॉनेटच्या वर जाणारी कमान करायची नाही. पुढे भाल्यासारखी निघालेली नळी कुणी मागितली तर काम घ्यायचंच नाही, कितीही पैसे दिले तरी. आणि आडवी नळी कुठल्या उंचीवर येते ते मोजायचं. ते मला बोलावून गाडीसमोर उभं करत, मग शेजारच्या खोलीतलं लहान पोर बोलावून उभं करत आणि नळी त्याच्या कुठे येते ते बघत. ही सवय त्यांना ट्रामने लावली होती, असं मी समजतो. खंडेनवमीला गाळ्यात भट्टीची, हातोड्याची, फरम्याची पूजा व्हायची आणि दसऱ्याला गिऱ्हाइकं गाड्या घेऊन यायची, गार्डला झेंडूचं तोरण बांधून.

मग काळ बदलला आणि गार्डचा अर्थ बदलला. सुमो, १९९८ ची सफारी, २००० ची बोलेरो, २००२ ची स्कॉर्पिओ. गाड्या मोठ्या झाल्या आणि कोकणाचं नावही न काढणारी माणसं गार्ड मागू लागली. ऑपेरा हाऊस, केनेडी ब्रिज, लॅमिंग्टन रोडच्या आसपास मोटारीच्या सुट्या भागांचा जुना बाजार आहे. तिथे तयार गार्ड लटकलेले दिसू लागले, चकचकीत, जाडजूड, कुठल्याही गाडीला बसतील असे. पुढाऱ्याच्या गाडीला गार्ड, त्याच्या मागच्या चार गाड्यांना गार्ड. परळच्या नाक्यावर आणि गिरगावच्या गल्लीत, जिथे ताशी वीस किलोमीटरही मिळत नाहीत, तिथे म्हशीला फेकायची तयारी करून गाड्या फिरू लागल्या. समोर म्हैस नव्हती. समोर केईएम हॉस्पिटलला निघालेले पेशंट होते, शाळेची पोरं होती, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बाया होत्या. साध्या बॉनेटचा पत्रा माणसाला लागला तर चेपतो, थोडा मार स्वतः खातो. नळी चेपत नाही. मोठ्या माणसाच्या ती मांडीला किंवा कमरेला लागते, लहान मुलाच्या छातीला किंवा डोक्याला.

आतल्या माणसाचंही गणित आता उलटं झालं होतं. गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपला जावा आणि धक्का त्यात जिरावा, ही कल्पना मर्सिडीजच्या बेला बारेनी यांची. १९५९ मध्ये ती बाजारातल्या गाडीत आली. जुन्या जीपमध्ये तसलं काही नव्हतं, म्हणून तिला गार्डने फारसं बिघडत नव्हतं. आजच्या गाडीत चासीची पुढची टोकंसुद्धा घडी पडावी म्हणून बेतलेली असतात. त्यांनाच आपण चार बोल्टांनी ताठ लोखंड कसलं की धक्का चेपण्याच्या जागी न थांबता सरळ चासीत आणि तिथून माणसांच्या मानेत जातो. एअरबॅगचं सेन्सर ठराविक धक्क्याची वाट बघत असतं. गार्डने धक्क्याची चाल बदलली की एअरबॅग उशिरा उघडू शकते किंवा नको तेव्हा उघडू शकते. २०१९ च्या १ जुलैपासून आपल्याकडे चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, म्हणजे हा प्रश्न आता प्रत्येक नव्या गाडीचा आहे.

युरोपात २००५ मध्येच नियम झाला की पादचाऱ्याच्या पायाच्या आणि डोक्याच्या चाचणीत उतरेल तोच गार्ड विकायचा. आपल्याकडे २०१७ च्या ७ डिसेंबरला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं, की गाड्यांवर परस्पर बसवलेले क्रॅश गार्ड आणि बुलबार हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं उल्लंघन आहे, कारवाई करा. कलम ५२ चा सरळ अर्थ असा की कारखान्याने दिलेल्या रूपाशी विसंगत बदल गाडीत करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमाबद्दल तीच भूमिका घेतली. पत्र आलं त्या आठवड्यात आमच्याकडे गार्ड काढून घ्यायला रांग लागली. बोल्ट गंजलेले, ब्रॅकेट चासीत रुतलेले. कापूनच काढावे लागले. धंदा बुडाला म्हणून आजूबाजूचे हळहळले, त्यांचं पोट त्यावर होतं आणि ती हळहळ खरी होती. मला मात्र तो नियम दहा-पंधरा वर्षं उशिरा आला असं वाटलं, आणि वडील असते तर त्यांनाही तसंच वाटलं असतं याबद्दल मला शंका नाही.

तरीही नवी थार घेतलेला पोरगा येतोच. त्याला मी सांगतो, २०२० च्या नोव्हेंबरात तुझ्या गाडीला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार तारे मिळाले, ते गार्ड नसलेल्या गाडीला मिळाले. नळ्या लावल्यास की ते तारे तुझ्या गाडीचे राहत नाहीत. ताडदेवच्या आरटीओत अडचण होईल ती वेगळी आणि विमा कंपनी दावा अडवेल ती वेगळी. दगडधोंड्यांत जात असशील तर इंजिनाखाली कंपनीनेच त्या मॉडेलसाठी काढलेली प्लेट बसव. चिखलात रुतण्याची भीती असेल तर मूळ टो हुक तपासून घे आणि चांगला पट्टा गाडीत ठेव.

आणि कशेडीतल्या म्हशीचं काय, असं तो विचारतोच, आणि विचारावंच. म्हैस वेळेवर दिसली तर गार्ड लागत नाही, म्हणून दिवे सरळ कर. गाडीत माणसं आणि सामान भरलं की मागचा भाग बसतो, नाक वर होतं आणि लो बीमचा प्रकाश रस्त्याऐवजी झाडांवर पडतो. समोरच्याच्या डोळ्यांतही जातो. म्हणून गावी जाताना जेवढा भार असेल तेवढा भरून गाडी सपाट जमिनीवर भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करायची, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मारायची आणि लो बीमची वरची कड त्या रेघेच्या दोन-अडीच इंच खाली येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. हे काम आमच्या गाळ्यात फुकट करून देतो. फक्त गणपतीच्या आधी यायचं ते संध्याकाळी सातनंतर, कारण उजेडात भिंतीवरची कड नीट दिसत नाही, आणि घरातल्या माणसांना बरोबर आणायचं, कारण भार खरा हवा.